रोगनिदान : प्रयोगशाळेचे कार्य आणि गावाचा वाटा

(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

ताप हे रोगाचे नाव नव्हे, ते रोगाचे लक्षण होय. पावसाळा सुरू झाला की गावोगावी तापाचे रुग्ण दिसू लागतात. अंग दुखते, डोके ठणकते, अन्न नकोसे होते. घरातील मंडळी म्हणतात, “हवा बदलली, दोन दिवसांत उतरेल.” पुष्कळदा तो उतरतोही. परंतु त्याच लक्षणांच्या आड हिवताप असू शकतो, डेंग्यू असू शकतो, विषमज्वर असू शकतो, लेप्टोस्पायरोसिस असू शकतो किंवा क्षयरोगाची ती सुरुवातही असू शकते. अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्यालाही केवळ नाडी पाहून आणि कपाळाला हात लावून यांतील भेद प्रत्येक वेळी सांगता येत नाही.

सन २०२१ च्या जुलै महिन्यात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर या गावी तापाची साथ आली. रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे तपासले गेले, तेव्हा बहुसंख्य बाधितांमध्ये चिकुनगुन्याचा, काहींमध्ये डेंग्यूचा आणि एका रुग्णामध्ये झिका या विषाणूचा संसर्ग आढळला. महाराष्ट्रातील झिकाची ती पहिलीच नोंद होती. एकच गाव, एकच ऋतू, वरवर एकसारखाच ताप; आणि कारणे मात्र तीन! गावातून नमुने वेळेवर गेले नसते, तर या साऱ्याला “व्हायरल ताप” असे एकच मोघम नाव मिळाले असते आणि गर्भवती स्त्रियांना धोका पोहोचविणारा एक नवा विषाणू राज्यात आल्याचे त्या वेळी कळले नसते.

नाव कळणे आवश्यक का?

रोगाचे नाव कळले म्हणजे काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर औषधाशी संबंधित आहे. हिवतापाचे आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार आढळतात, व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. दोहोंची औषधयोजना भिन्न आहे. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात व महिन्यांनंतर पुन्हा ताप आणतात; म्हणून त्या रुग्णाला १४ दिवस वेगळे औषध घ्यावे लागते. डेंग्यूच्या रुग्णाला ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके दिल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. उलट ती कारणाशिवाय घेतल्याने जिवाणू त्यांना सरावतात आणि खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरते.

दुसरे उत्तर सार्वजनिक आरोग्याशी संबंधित असून पंचायतीच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. डेंग्यू असेल तर घरातील रांजण, टाक्या, कुंड्या आणि टाकाऊ टायर यांतील साठलेले पाणी काढून टाकावे लागते. विषमज्वर किंवा पटकी असेल तर विहिरीचे शुद्धीकरण आणि जलवाहिनीची गळती यांकडे धाव घ्यावी लागते. लेप्टोस्पायरोसिस असेल तर उंदीर, गुरांचे गोठे आणि साचलेल्या चिखलपाण्यात काम करणारे शेतकरी यांचा विचार करावा लागतो. पाण्यामुळे पसरलेल्या रोगासाठी गावभर धूरफवारणी केली, तर पैसा, श्रम आणि वेळ हे तिन्ही व्यर्थ जातात व साथ चालूच राहते. थोडक्यात, चुकीचे निदान एका रुग्णाचे नुकसान करते, आणि साथीच्या वेळी तेच साऱ्या गावाचे नुकसान ठरते.

रोगजंतू ओळखण्याचे चार मार्ग

प्रयोगशाळेत चालणाऱ्या शेकडो चाचण्यांची नावे ऐकून सामान्य माणूस गोंधळून जातो. परंतु तत्त्वतः पाहता त्या सर्व चार मार्गांत विभागता येतात. रोगजंतू प्रत्यक्ष पाहणे, हा पहिला मार्ग. तो प्रयोगशाळेत वाढविणे, हा दुसरा. त्याच्या अंगचा एखादा पदार्थ किंवा शरीराने त्याच्याविरुद्ध निर्माण केलेले घटक शोधणे, हा तिसरा. आणि त्याची जनुकीय खूण ओळखणे, हा चौथा.

पहिला मार्ग सूक्ष्मदर्शकाचा. सन १८८० मध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले. पुढे सन १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात त्यांचा माग काढला. आजही हिवतापाच्या निदानाचा विश्वसनीय आधार म्हणजे बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची काचपट्टीच होय. एका पट्टीवर रक्ताचा जाड ठिपका घेतात व शेजारी पातळ थर पसरतात. जाड ठिपक्यात अधिक रक्त असल्याने थोडे जंतूही सापडतात. पातळ थरात त्यांचा आकार स्पष्ट दिसल्याने प्रकार ओळखता येतो. क्षयरोगाच्या बाबतीत २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध जाहीर केला आणि त्यानंतर विशिष्ट रंगद्रव्य वापरून बेडक्यातील जंतू दिसू लागले. ही पद्धत स्वस्त आणि जलद आहे. मात्र तिला मर्यादा आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारणपणे पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हाच ते तपासनिसाच्या नजरेस पडतात. त्याहून कमी असतील तर रोग असूनही काचपट्टी निर्दोष दिसते. विषाणू तर इतके सूक्ष्म असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातून ते सहसा दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

दुसरा मार्ग संवर्धनाचा. शेतकरी बी ओळखता आले नाही तर ते पेरून पाहतो. तसाच हा प्रकार आहे. रक्त, लघवी, शौच किंवा बेडका यांचा अंश पोषक माध्यमावर ठेवला असता त्यातील जिवाणू वाढू लागतात. हे माध्यम घट्ट करण्यासाठी आगर हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ वापरतात. घरी खरवस किंवा पुडिंगसाठी चायना ग्रास म्हणून आणतात तोच हा पदार्थ. कॉख यांच्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे यांनी तो सुचविला आणि प्रयोगशाळेला स्वयंपाकघराकडून ही देणगी मिळाली. संवर्धनाचा मोठा लाभ असा की, वाढलेल्या जिवाणूंवर निरनिराळी औषधे वापरून कोणते लागू पडेल ते पाहता येते. परंतु त्याला वेळ लागतो. विषमज्वराच्या जिवाणूंना काही दिवस पुरतात; क्षयजंतू अत्यंत सावकाश वाढणारे असल्याने घट्ट माध्यमावर सहा ते आठ आठवडे वाट पाहावी लागते. विषाणू तर निर्जीव माध्यमावर वाढतच नाहीत. त्यांना जिवंत पेशी लागतात आणि असे काम सुसज्ज व सुरक्षित प्रयोगशाळांतच करता येते.

तिसरा मार्ग प्रतिजन आणि प्रतिपिंडे यांचा. रोगजंतूच्या अंगावरील किंवा त्याने स्रवलेल्या विशिष्ट पदार्थाला प्रतिजन म्हणतात. त्याला तोंड देण्यासाठी शरीर जी प्रथिने तयार करते ती प्रतिपिंडे होत. कुलपाला किल्ली बसावी तशी ही जोडी एकमेकांस चिकटते. या जोडीचा उपयोग करून फ्रेंच वैद्य फर्नांद विडाल यांनी सन १८९६ मध्ये विषमज्वराची चाचणी प्रचारात आणली. सन १९७१ मध्ये स्वीडनमधील एंग्वाल व पर्लमान यांनी एलायझा या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. तीत ९६ लहान खळगे असलेल्या पट्टिकेत रुग्णांचे रक्तद्रव घालतात; अपेक्षित जोडी जमली की खळग्यात रंग उमटतो. एकाच वेळी अनेक नमुने तपासता येत असल्याने साथीच्या काळात ती फार उपयोगी पडते. आशा सेविकेजवळ असणारी हिवतापाची जलद चाचणी हीसुद्धा याच तत्त्वावर चालते. काडेपेटीएवढ्या पट्टीवर रक्ताचा थेंब व द्रावण टाकले की काही मिनिटांत रेघ उमटते. दुर्गम पाड्यावर, जेथे सूक्ष्मदर्शक नाही आणि वीजही भरवशाची नाही, तेथे ही पट्टी प्राण वाचवू शकते.

चौथा मार्ग जनुकीय चाचणीचा. सन १९८३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना पीसीआर या पद्धतीची कल्पना सुचली आणि सन १९९३ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक सजीवाच्या जनुकीय द्रव्यात काही भाग केवळ त्याच्याच जातीचा असतो. नमुन्यातील तेवढाच भाग शोधून त्याच्या प्रती काढल्या जातात. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट शिक्षक बंधूंना ठाऊक आहेच. त्याच हिशेबाने एका प्रतीपासून ३० फेऱ्यांत १०० कोटींहून अधिक प्रती होतात. म्हणूनच नमुन्यात मूठभर जंतू असले तरी ते उघडे पडतात. करोना विषाणूसारख्या काही विषाणूंचे जनुकीय द्रव्य आरएनए स्वरूपाचे असते. ते आधी डीएनएमध्ये रूपांतरित करावे लागते. म्हणून त्या चाचणीला आरटी-पीसीआर असे म्हणतात.

क्षयरोगाच्या निदानात या मार्गाने क्रांती घडविली. बेडक्याची काडतुसासारखी कुपी यंत्रात ठेवली की सुमारे दोन तासांत क्षयजंतू आहेत किंवा नाहीत हे तर कळतेच, शिवाय रिफाम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल किंवा नाही हेही कळते. गोव्यातील उद्योगाने विकसित केलेले ट्रूनॅट हे यंत्र विद्युत्घटावरही चालते. त्यामुळे वातानुकूलित दालन नसलेल्या आरोग्य केंद्रातही ही चाचणी करता येते. सन २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या यंत्राच्या वापराची शिफारस केली.

चाचणीइतकाच दिवसही महत्त्वाचा

चाचणी कोणती, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ती आजाराच्या कितव्या दिवशी केली, हा होय. डेंग्यूचे उदाहरण घेऊ. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत विषाणू व त्याचा एनएस-१ हा प्रतिजन रक्तात असतो. म्हणून त्या काळात एनएस-१ ची एलायझा चाचणी करतात. पाचव्या दिवसानंतर प्रतिजन कमी होत जातो आणि आयजीएम नावाची प्रतिपिंडे दिसू लागतात. त्या वेळी आयजीएमची चाचणी करावी लागते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम तपासले तर उत्तर “नाही” असे येईल, आणि ते उत्तर यंत्राच्या दृष्टीने बरोबर असले तरी रुग्णाच्या दृष्टीने चुकीचे ठरेल. दोष प्रयोगशाळेचा नसून कालगणनेचा असेल. प्लेटलेट पेशींची संख्या रुग्णाची प्रकृती जोखण्यास उपयुक्त आहे. परंतु ती कमी झाली म्हणजे डेंग्यूच, असा निष्कर्ष काढता येत नाही. अन्य अनेक आजारांतही ती घटते.

विषमज्वराचेही असेच आहे. त्याचे जिवाणू पहिल्या आठवड्यात रक्तात मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे संवर्धन करणे हा खात्रीचा उपाय. विडाल चाचणीत दिसणारी प्रतिपिंडे साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात वाढतात. शिवाय पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा अन्य तापामुळेही ती काही प्रमाणात आढळतात. केवळ एका विडाल चाचणीवर “टायफॉईड” ठरवून आठवडाभर प्रतिजैविके घेण्याची प्रथा खेड्यापाड्यांत व शहरांतही बोकाळली आहे. ती थांबणे अगत्याचे आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, सन २०१६ पासून क्यासनूर जंगलज्वर किंवा माकडताप आढळला. सन १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला हा रोग गोचिडींमुळे पसरतो. तापाच्या पहिल्या काही दिवसांत तो पीसीआरने आणि नंतर आयजीएम चाचणीने ओळखता येतो. काजूच्या बागेत किंवा जंगलात काम करणाऱ्या माणसाने ताप अंगावर काढला, तर पहिली संधी हातची जाते.

या सर्वांचे तात्पर्य असे की, ताप कोणत्या तारखेला आला हे रुग्णाच्या कागदावर लिहिणे ही किरकोळ बाब नाही. पुष्कळदा नमुन्यासोबतच्या अर्जात तीच जागा कोरी असते. ती तारीख नसेल तर कोणती चाचणी करावी आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावावा, हे दोन्ही अंधारात राहते.

नमुन्याचा प्रवास

प्रयोगशाळेतील यंत्र कितीही मोलाचे असले तरी त्याच्यापुढे जे ठेवले जाईल त्याचेच उत्तर ते देते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी लाळ दिली तर जंतू सापडणार नाहीत. खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. एक नमुना तपासणीच्या वेळी व दुसरा पहाटे उठल्याबरोबर घेतलेला असावा. तो उघड्यावर, माणसांपासून दूर जाऊन द्यावा. पटकीच्या संशयात शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घ्यावा आणि लांब न्यावयाचा असल्यास विशिष्ट परिवहन माध्यमात घालून पाठवावा. रक्तसंवर्धनासाठी मोठ्या माणसाचे आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागते. “एवढे रक्त कशाला?” म्हणून घरच्यांनी हरकत घेतली व थोडेच रक्त घेतले, तर त्यात जिवाणू सापडण्याची शक्यताही तितकीच कमी होते.

नमुन्याचा प्रवास किती काटेकोर असू शकतो याचा उत्तम धडा पोलिओ निर्मूलनाने घालून दिला. पंधरा वर्षांखालील कोणत्याही बालकाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याची खबर द्यावयाची. १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यावयाचे. ते बर्फाच्या पेटीत, दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवून मुंबईच्या आंत्रविषाणू संशोधन केंद्रासारख्या प्रयोगशाळेत ७२ तासांत पोहोचवावयाचे, असा दंडक देशभर पाळला गेला. लस गावात येताना जी शीतसाखळी लागते तीच गावातून नमुना जाताना उलट दिशेने चालविली गेली. भारतातील नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. पोलिओ नाही, हे सिद्ध करण्यासाठीही हजारो नमुने तपासावे लागले. त्या यशात लस पाजणाऱ्या हातांइतकाच वाटा बर्फाची पेटी घेऊन एसटीने वा जीपने रातोरात निघालेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचाही आहे.

“आहे” आणि “नाही” यांचा अर्थ

कोणतीही चाचणी शंभर टक्के अचूक नसते. हे विधान ऐकून चाचण्यांवरचा विश्वास उडण्याचे कारण नाही. मात्र त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. एक साधे गणित मांडून पाहू. समजा, एका गावात १,००० माणसे असून त्यांपैकी १० जणांना एखादा रोग आहे. एक चाचणी १०० बाधितांपैकी ९० जण अचूक हेरते आणि १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांना निरोगी ठरवते. ही चाचणी चांगलीच म्हणावी लागेल. सरसकट सर्व गावाची तपासणी केली तर १० बाधितांपैकी ९ सापडतील, एक निसटेल. परंतु ९९० निरोगी माणसांपैकी सुमारे ५० जणांच्या नावापुढेही “आहे” असा शेरा येईल. म्हणजे “आहे” असे उत्तर आलेल्या सुमारे ५९ जणांपैकी प्रत्यक्ष रोगी ९ च! हीच चाचणी लक्षणे असलेल्या व रोग्याच्या सहवासात आलेल्या निवडक लोकांवर केली, तर तिचे उत्तर कितीतरी अधिक भरवशाचे ठरते. कोणाची चाचणी करावयाची हे डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरविणे का आवश्यक आहे, ते या गणितावरून लक्षात येईल.

याच कारणास्तव एचआयव्हीसारख्या गंभीर बाबतीत केवळ एका चाचणीवर विसंबून निदान केले जात नाही. लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या पहिल्या चाचणीत संसर्ग दिसल्यास वेगवेगळ्या तत्त्वांवरील आणखी दोन चाचण्या करून मगच निष्कर्ष दिला जातो. उलट, संसर्ग झाल्यानंतर आरंभीच्या काही आठवड्यांत प्रतिपिंडे तयार झालेली नसतात. त्या गवाक्षकाळात उत्तर “नाही” आले तरी काही काळाने चाचणी पुन्हा करावी लागते. करोनाच्या काळात जलद प्रतिजन चाचणी निर्दोष आली तरी लक्षणे असल्यास आरटी-पीसीआर करण्यास सांगितले जाई, त्यामागेही हेच कारण होते.

आणि काही प्रसंगी चाचणीची वाट पाहणे हाच अपराध ठरतो. पिसाळलेले कुत्रे चावले असता माणसाच्या शरीरात विषाणू शिरला की नाही हे वेळीच सांगणारी चाचणी नाही; जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ लस घेणे हाच मार्ग. पुराच्या पाण्यातून गेलेल्या माणसाला लेप्टोस्पायरोसिसचा दाट संशय असेल, तर नमुना घेऊन अहवालापूर्वीच डॉक्टर उपचार सुरू करतात. प्रयोगशाळा डॉक्टरांच्या बुद्धीला साह्य करते. तिची जागा घेत नाही.

महाराष्ट्राची परंपरा

या क्षेत्रात महाराष्ट्राला अभिमानास्पद परंपरा आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्देमार हाफकिन यांनी सन १८९९ मध्ये परळ येथे प्लेग संशोधन प्रयोगशाळा उभारली. सन १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. सन १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले व सन १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचे रूप मिळाले. नागपूरजवळील चांदीपुरा येथे सन १९६५ मध्ये तापाच्या साथीत घेतलेल्या रक्तनमुन्यांतून या केंद्राने एक नवा विषाणू वेगळा केला व त्याला त्या ठिकाणाचेच नाव दिले. त्या वेळी तो फारसा घातक वाटला नव्हता. परंतु सन २००३ मध्ये आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात बालकांच्या मेंदूज्वराच्या साथीत याच विषाणूचा हात असल्याचे आढळले. अडतीस वर्षांपूर्वीच्या एका साध्या तापाचे नमुने कोणी काळजीपूर्वक जपले व तपासले होते, म्हणूनच हा शत्रू ओळखीचा निघाला.

सन २०२० च्या जानेवारीत देशातील पहिल्या करोना रुग्णाचे निदान पुण्याच्या याच संस्थेत झाले. त्या वेळी ही चाचणी करणारी प्रयोगशाळा बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती; पुढील दोन वर्षांत देशातील अशा प्रयोगशाळांची संख्या ३,००० वर गेली. साथ ओसरली, पण यंत्रे आणि ती हाताळणारी शिकलेली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत तयार झाली. ही क्षमता जपणे व अन्य रोगांच्या निदानासाठी तिचा उपयोग करून घेणे ही पुढील जबाबदारी होय.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायतींनी तापाच्या रुग्णांत अचानक वाढ दिसताच उपकेंद्रास किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रास त्याच दिवशी कळवावे. “अजून चार दिवस पाहू” ही वृत्ती नमुन्याची वेळ घालवते. जंगलालगतच्या गावांत मेलेले माकड आढळल्यास त्याला हात न लावता वन व आरोग्य खात्यास कळवावे. अतिसाराची साथ असेल तर रुग्णांच्या नमुन्यांबरोबर पाण्याचे नमुनेही जातील, हे पाहावे. नमुने नेणाऱ्या कर्मचाऱ्यास वाहन मिळाले नाही, बर्फ मिळाला नाही, अशा अडचणी गावपातळीवर सहज सोडविता येतात. दुधाच्या संकलन केंद्रावर बर्फ असतो, तालुक्याला जाणारे वाहन कोणाचे तरी असतेच.

शिक्षकांचे स्थान तर विशेष मोलाचे आहे. गावात साथ आल्याची पहिली खूण पुष्कळदा हजेरीपटावर दिसते. एकाच वर्गातील पाच-सहा मुले एकाच आठवड्यात तापाने गैरहजर असतील, तर ती बाब आरोग्य सेवकास कळविणे म्हणजे निदानाची पहिली पायरी चढणेच होय. रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, रक्त विकले जाते, यांसारखे गैरसमज दूर करण्याचे कामही शिक्षकांइतके परिणामकारकपणे दुसरे कोणी करू शकणार नाही.

अधिकाऱ्यांनी लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, अहवाल वेळेवर रुग्णापर्यंत व उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत परत पोहोचला नाही, तर नमुना घेण्याचा सारा खटाटोप वाया जातो. नमुना गेला आणि उत्तर आलेच नाही, असा अनुभव एकदा आला की पुढच्या वेळी लोक हात पुढे करीत नाहीत.

शेवटची बाब गुप्ततेची. रोग हा गुन्हा नव्हे. क्षयरोग, कुष्ठरोग किंवा एचआयव्ही यांचे निदान झालेल्या व्यक्तीचे नाव चावडीवर चर्चिले जाऊ लागले, तर दुसरा रुग्ण तपासणीला येणारच नाही व रोग दडून पसरत राहील. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून अमलात असून, संमतीशिवाय चाचणी करण्यास व निदान उघड करण्यास त्याने, कायद्यात नमूद केलेले अपवाद वगळता, मनाई केली आहे. परंतु कायद्याहूनही गावाचा विश्वास मोठा आहे. आपले नाव सुरक्षित राहील असा भरवसा ज्या गावात असतो, तेथील माणूस खोकला अंगावर काढत नाही.

श्रोते हो, प्रयोगशाळा शहरात असते, परंतु तिचे काम गावातील ओसरीवर सुरू होते. ताप आलेली तारीख लिहून ठेवणारी आशा सेविका, हजेरीपटाकडे डोळसपणे पाहणारा शिक्षक, बर्फाची सोय करणारा पंचायत सदस्य आणि अहवाल वेळेत परत पाठविणारा अधिकारी हे सर्व त्या प्रयोगशाळेचेच घटक आहेत. योग्य रुग्णाचा, योग्य दिवशी घेतलेला, योग्य रीतीने पाठविलेला नमुना एवढेच गावाकडून अपेक्षित आहे. तेवढे झाले तर तापाला त्याचे खरे नाव मिळेल, आणि नाव मिळालेल्या रोगावर उपाय करणे पुष्कळ सोपे असते.